राक्षसावर सही कुणाची?

"अणुबॉम्ब माणसांनी टाकला. ठरवून, हवामान बघून, नकाशावर शहर निवडून. मग त्याच्यावर सिनेमा काढताना समुद्रातून जनावर कशाला आणायचं?"

माझा मामा हे म्हणतो तेव्हा त्याच्या आवाजात खरी चीड असते. पाषाणच्या एका संरक्षण प्रयोगशाळेत स्फोटकांवर काम करून तो निवृत्त झाला. मी जपानी शिकवते. इशिरो होंडा यांचा १९५४ चा 'गोजिरा', म्हणजे जगाने पुढे गॉडझिला म्हणून ओळखलेला तो मूळ कृष्णधवल चित्रपट, आम्ही दोघांनी एकत्र पाहिला आणि तेव्हापासून हा वाद चालू आहे. सकाळी फिरायला आम्ही सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जातो. पुणे-ओकायामा मैत्री उद्यान हे त्याचं दुसरं नाव. तिथल्या तळ्याकाठी हा विषय निघाला की आमच्या दोन फेऱ्यांच्या चार होतात.

"मामा, आधी तारखा बघ," मी म्हणते. "१ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. 'दाइगो फुकुर्यू मारू' ही जपानी मासेमारी बोट त्यांनी आखलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर होती, तरी तिच्यावर प्रवाळाची पांढरी राख कितीतरी वेळ पडत राहिली. बोटीवर २३ माणसं. ती राख अंगावर घेऊनच त्यांनी गळांच्या दोऱ्या ओढल्या. वायरलेस सांभाळणारे आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला गेले. 'गोजिरा' ३ नोव्हेंबरला लागला. आणि त्याची सुरुवात कशी होते? जहाजाच्या डेकवर खलाशी गिटार वाजवत बसलेत, समुद्रात लख्ख उजेड होतो आणि जहाज पेटतं. थिएटरमध्ये बसलेल्या माणसाला हे काय आहे ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती."

"मला पण समजावू नकोस," मामा म्हणतो. "त्या चाचणीचा अंदाज होता साधारण सहा मेगाटनचा, निघाले पंधरा. लिथियमचं एक समस्थानिक स्फोटात भाग घेणार नाही असं धरलं होतं, त्याने घेतला. म्हणजे हिरोशिमाच्या हजारपट. हे गणित कुणीतरी केलं होतं, कुणीतरी तपासलं होतं, कुणीतरी खाली सही केली होती. माझं सगळं आयुष्य अशा कागदांमध्ये गेलंय. चूक झाली तर ती कुणाची, हे आम्हाला त्या कागदावरून काढता यायचं. तू गणिताच्या जागी डायनासोर ठेवलास की सही पुसली गेली. जनावराला कोण कोर्टात उभं करणार?"

मामाचा हा मुद्दा मी हलका मानत नाही. राक्षसपटांवर कौतुकाने लिहिणारे बरेच जण तो टाळून पुढे जातात. 'हे अणुबॉम्बचं रूपक आहे' एवढं म्हटलं की काम झालं असं त्यांना वाटतं. पण रूपक कुणाच्या सोयीचं आहे, हेही विचारायला हवं.

तरी मी त्याला त्या वेळचा जपान सांगते. युद्धानंतर देश अमेरिकी ताब्यात होता, तो १९५२ च्या एप्रिलपर्यंत. त्या काळात हिरोशिमा-नागासाकीबद्दल काय छापायचं यावर जेत्यांची नजर होती. जळालेल्या माणसांची छायाचित्रं सर्वसामान्य जपानी वाचकासमोर मोठ्या प्रमाणात आली ती १९५२ च्या ६ ऑगस्टला, 'असाही ग्राफ' साप्ताहिकात. म्हणजे बॉम्ब पडल्यानंतर तब्बल सात वर्षांनी. सात वर्षं ज्या लोकांना आपल्याच शहरात काय झालं ते पाहू दिलं नाही, त्यांच्या मनात ते कुठल्या आकारात साठलं असेल?

"तरी सरळ सिनेमे निघालेच ना?" मामा सोडत नाही. "तूच दाखवलेस. कानेतो शिंदोंचा 'हिरोशिमाची मुलं' १९५२ चा. हिदेओ सेकिगावांचा 'हिरोशिमा' १९५३ चा, त्यात तर त्या शहरातल्याच हजारो माणसांनी काम केलंय. पुढे शिंदोंनी त्या बोटीवरसुद्धा १९५९ मध्ये सिनेमा काढला, बोटीच्याच नावाचा. कुठेही शेपूट नाही, नखं नाहीत. करता येत होतं म्हणजे."

"करता येत होतं. पण इफुकुबेंचं काय सांगतोस?"

अकिरा इफुकुबे हे माझं या वादातलं सगळ्यात आवडतं नाव. शिंदोंच्या आणि सेकिगावांच्या त्या दोन्ही चित्रपटांचं संगीत त्यांचं, आणि 'गोजिरा'चंही त्यांचंच. शिक्षणाने ते वनशास्त्रातले. युद्धाच्या काळात लाकडाच्या मजबुतीवर संशोधन करताना पुरेशा संरक्षणाशिवाय क्ष-किरण वापरले आणि त्यातून ते दीर्घकाळ आजारी पडले. किरणोत्सर्ग हा त्यांच्यासाठी वर्तमानपत्रातला विषय नव्हता, स्वतःच्या अंगात शिरलेली गोष्ट होती. गोजिराचा आवाज तयार करायची वेळ आली तेव्हा कुठल्याच प्राण्याची ध्वनिमुद्रित डरकाळी चालेना. शेवटी डबल बासची तार सैल केली आणि राळ लावलेला चामड्याचा हातमोजा तिच्यावरून ओढला. तो आवाज मी वर्गात नुसता ऐकवते, पडदा बंद ठेवून. त्यात जनावराचा राग कमी आणि वेदना जास्त ऐकू येते. सरळ सिनेमाला संगीत देणारा माणूसच राक्षसपटालाही संगीत देत होता, आणि दोन्हीकडे तो तितकाच गंभीर होता. हे दोन रस्ते एकमेकांच्या विरुद्ध जातात हे मला म्हणूनच पटत नाही.

आणि प्रेक्षक. 'गोजिरा'ची सुमारे ९६ लाख तिकिटं विकली गेली. त्यात आगगाडीतलं एक छोटंसं दृश्य आहे. ऑफिसला जाणारी एक बाई सहज म्हणून जाते, की नागासाकीतून जीव वाचवून आले आणि आता हे. पुढे टोकियो जळत असताना एक विधवा लेकरांना कुशीत घेऊन भिंतीशी बसलीय आणि आता बाबांकडे जायचं म्हणून त्यांची समजूत घालतेय. मग इस्पितळ. जमिनीवर ओळीने पडलेली माणसं, आणि एका लहान मुलापाशी धरलेलं किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र टिकटिकायला लागतं. डॉक्टर फक्त मान हलवतो. राक्षस त्या खोलीत नाही. राक्षस केव्हाच निघून गेलाय. १९५६ मध्ये अमेरिकेत हा चित्रपट लावताना त्यात रेमंड बर यांचा अमेरिकी बातमीदार घुसवला आणि नागासाकीचा तो उल्लेख काढून टाकला. कापणाऱ्यांना नेमकं कळलं होतं, धोका शेपटीत नसून त्या बाईच्या एका वाक्यात आहे.

मामा यावर गप्प बसत नाही, तो बाजू बदलतो. "ठीक. मग त्या विधवेच्या नवऱ्याचं सांग. तो कुठे मेला? त्या पिढीतले जपानी पुरुष कुठे मरत होते? चीनमध्ये, ब्रह्मदेशात, पॅसिफिकच्या बेटांवर. आणि तिथे ते काय करत होते? तुझे होंडा स्वतः जपानी सैन्यात होते, चीनमध्ये. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून त्याच चीनमध्ये गेले, जपान्यांशी लढणाऱ्यांच्या जखमा शिवत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच गेले. शांतारामबापूंनी त्यांच्यावर सिनेमा काढला १९४६ मध्ये. कोटणीसांच्या टेबलावर आलेल्या माणसाला विचार, राक्षस कोण? 'गोजिरा'मध्ये चीनचं नावसुद्धा नाही. टोकियो बिचारं, झोपेत असताना समुद्रातून काहीतरी आलं आणि चिरडून गेलं."

याला माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही आणि मला ते तयार करायचंही नाही. होंडा युद्धानंतर चीनमधून परतताना हिरोशिमातून गेले आणि ती राखरांगोळी त्यांनी डोळ्यांनी पाहिली, हे खरं. पण त्याआधीची वर्षं ते कुठल्या गणवेशात होते हेही तितकंच खरं. चित्रपटातल्या डॉ. सेरिझावाच्या डोळ्यावर काळी पट्टी आहे, ती युद्धातल्या जखमेची. तेवढी एक पट्टी वगळली तर जपानने लढलेलं युद्ध त्या चित्रपटात जवळपास नाहीच. जखम आहे, हात नाहीत.

पण याच ठिकाणी मी मामाला ओकायामा दाखवते. ज्या बागेत आम्ही बोलतोय ती त्या शहराच्या कोराकुएन या सुमारे तीनशे वर्षं जुन्या बागेच्या धर्तीवर केलेली. ती मूळ बाग आणि शेजारचा किल्ला २९ जून १९४५ च्या पहाटे अमेरिकी विमानांनी टाकलेल्या आगलाव्या बॉम्बमध्ये सापडले. शहरात सतराशेहून अधिक माणसं मेली. किल्ल्याचा मुख्य बुरूज जळून गेला. बाग पुढे जुनी चित्रं आणि आराखडे समोर ठेवून पुन्हा उभी केली. आपण पुण्यात जी टापटीप हिरवळ बघतो तिचं मूळ एकदा जळून पुन्हा लावलेलं आहे. तळ्यातल्या माशांना कुरमुरे टाकणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? फाटकाशी एक पाटी तरी लावायला हवी, असं मला फार वाटतं.

आणि हेच ओकायामा मोमोतारोचं गाव मानतात. मोमोतारो म्हणजे पीचच्या फळातून जन्मलेला मुलगा. कुत्रा, माकड आणि रानकोंबडा बरोबर घेऊन तो राक्षसांच्या बेटावर चढाई करतो. जपानी शिकणारं प्रत्येक मूल ही गोष्ट वाचतं. युद्धात तिचं काय झालं? १९४३ मध्ये नौदलासाठी मोमोतारोचा ॲनिमेशनपट निघाला. त्यात राक्षसांचं बेट म्हणजे पर्ल हार्बर. १९४५ च्या एप्रिलमध्ये दुसरा आला. त्यात डोक्यावर शिंगं असलेले इंग्रज अधिकारी मोमोतारोपुढे शरण येतात. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत खरं ओकायामा जळालं.

"बघ मामा, तुझी सही पुसण्याची तक्रार इथे लावून बघ. १९४५ मध्ये जपानी पडद्यावर राक्षस होता तो शत्रू, आणि त्याला मारणं सोपं होतं. नऊ वर्षांनी तोच देश असा राक्षस काढतो ज्याला शिंगं नाहीत, राष्ट्र नाही, भाषा नाही. हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी उठवलेला, म्हणजे स्वतःच भाजलेला. त्याची कातडीसुद्धा भाजल्यावर राहणाऱ्या वणांसारखी खडबडीत. 'ते राक्षस, आपण शूर' एवढ्यावर वाढलेल्या प्रेक्षकाला हा राक्षस दाखवणं ही लहान गोष्ट नव्हती."

मामा बराच वेळ चालत राहतो. मग म्हणतो, "पानशेत आठवतं का तुला? तुला कसं आठवणार. मी अकरा वर्षांचा होतो."

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण पुरतं बांधून व्हायच्या आत त्यात पाणी साठवलं होतं. ते फुटलं, खाली खडकवासलाही टिकलं नाही आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. मामा नारायण पेठेत राहायचा. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल होता, आणि आजी त्या चिखलात हात घालून चाचपत एकेक पितळी डबा वर काढत होती, हे तो पुन्हा पुन्हा सांगतो. डब्यांतलं पीठ आणि चिखल यांचा मिळून आलेला वास त्याला अजून आठवतो.

"त्यानंतर आम्ही काय मागितलं? चौकशी. धरण घाईने का भरलं, कुणी भरायला सांगितलं, कुणाला माहीत होतं? आयोग बसला. आता समज, एखाद्या निर्मात्याने मुठेतून वर येणारा जलराक्षस काढला असता आणि आम्ही भानुविलासला जाऊन रडून आलो असतो. मग आयोगाचं कुणाला पडलं असतं? दुःखाला वाट मिळाली की प्रश्न संपतो. मला ती वाट नको होती."

त्याचं हे बोलणं मला हलवतं, पण मी त्यावर थांबत नाही. पानशेतमध्ये प्रश्न होता 'कुणी केलं', आणि तो कागदावर मांडता येत होता. पाणी आलं आणि गेलं. किरणोत्सर्ग येतो आणि जात नाही. 'गोजिरा'तलं माझ्या मते सगळ्यात भयंकर दृश्य टोकियोचं नाहीच, ते ओदो बेटावरच्या विहिरीचं आहे. राक्षस गावातून जाऊन चुकलाय. शास्त्रज्ञ यंत्र लावून बघतो आणि गावकऱ्यांना सांगतो की या विहिरीचं पाणी वापरायचं नाही. विहीर तशीच, पाणी तसंच, चवही तीच असणार. अशी भीती न्यायाधीशासमोर कशी ठेवणार? तिला अंग द्यावं लागतं.

आपल्याकडे हे अंग फार पूर्वी दिलेलं आहे, असं मी म्हटलं तेव्हा मामा पहिल्यांदा मनापासून ऐकायला लागला. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा दुसरा चित्रपट 'मोहिनी भस्मासुर'. भस्मासुराचं उदाहरण अणुबॉम्बच्या चर्चेत हटकून निघतं, ते मी इथे लांबवत नाही. एवढंच विचारते, की वर देणाऱ्याकडे त्या गोष्टीत कुणी बोट का दाखवत नाही? माझा जीव अडकतो तो 'कालिया मर्दन'मध्ये. १९१९ चा हा मूकपट सुदैवाने वाचला आणि आपल्या पुण्यात, विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेला आहे. फाळक्यांची मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झाली आहे. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण आज ती पुन्हा नीट बघा. डोहातलं पाणी विषारी झालंय. विष डोळ्यांना दिसत नाही, दिसतो तो नाग. पोर त्या पाण्यात उडी घेतं आणि गाव काठावर उभं राहून आक्रोश करतं. आणि शेवटी भागवतातला कृष्ण कालियाला मारत नाही, त्याला डोह सोडून समुद्रात जायला सांगतो.

"समुद्रात," मामा म्हणाला. "आणि तुझा गोजिरा समुद्रातून येतो."

"हो. बिकिनीच्या वेळी विष समुद्रातच गेलं होतं आणि मासे होऊन टोकियोच्या बाजारात परत आलं. त्सुकिजीला किरणोत्सर्गी टुना जमिनीत पुरून टाकावे लागले. २०११ च्या मार्चमध्ये फुकुशिमा झालं. पुढच्याच महिन्यात आपल्याकडे जैतापूरच्या प्रकल्पाविरुद्ध साखरीनाट्यात लोक रस्त्यावर उतरले, गोळीबारात एक माणूस गेला. त्या मच्छीमारांना अणुभट्टीचा आराखडा कळत नव्हता असं तेव्हा बरेच जण म्हणत होते. पण मासळीच्या टोपलीतून भीती कशी घरी येते, हे त्यांना टोकियोतल्या ग्राहकाइतकंच कळत होतं."

जैतापूरबद्दल आमचं एकमत नाही आणि होणारही नाही. मामाला अणुवीज हवी आहे.

त्याला पुढचे जपानी राक्षसपटही मी दाखवले. २०२३ चा 'गॉडझिला मायनस वन' त्याला फारसा रुचला नाही. आत्मघाती हल्ल्यातून मागे फिरलेल्या वैमानिकाची ती गोष्ट त्याला हळवी वाटली, मला ती फार आवडते. पण २०१६ चा 'शिन गॉडझिला' त्याने दोनदा पाहिला. त्यात राक्षसापेक्षा बैठका जास्त. कुठल्या खात्याने कुठल्या आदेशावर सही करायची यात तास जातात आणि तोवर शहर तुडवलं जातं. फुकुशिमानंतरच्या जपानने स्वतःच्या सरकारकडे रोखून पाहिलेली ती नजर आहे. "इथे सह्या आहेत," मामा म्हणाला. मग मीही त्याच्या बाजूला एक पाऊल सरकले. राक्षस आणि फाईल एकाच चौकटीत बसू शकतात, हे आम्हा दोघांना तिथे दिसलं.

अडलं ते सेरिझावापाशी. 'गोजिरा'च्या शेवटी हा तरुण शास्त्रज्ञ स्वतःच्या भयंकर शोधाचे कागद जाळतो, समुद्राच्या तळाशी जाऊन राक्षसाला मारतो आणि स्वतःची नळी कापून तिथेच मरतो. शोध पुन्हा कुणाच्या हाती लागू नये म्हणून.

"हे मात्र साफ खोटं," मामा म्हणाला. "एक माणूस मेला म्हणून ज्ञान मरत नाही. जे एकाला सापडलं ते दुसऱ्याला सापडतंच, दहा वर्षांनी, दुसऱ्या देशात. १८ मे १९७४ ला पोखरणची बातमी आली तेव्हा मी नोकरीत नवा होतो. आम्ही पेढे वाटले. मला त्याची लाज नाही. पण आमच्यातल्या कुणालाही सेरिझावा व्हावंसं वाटलं नाही, हे मला तुझा सिनेमा बघताना जाणवलं. आम्हाला नारळीकर जास्त जवळचे. 'वामन परत न आला'मध्ये बुडालेल्या संस्कृतीची पुरलेली पेटी सापडते आणि त्यातल्या ज्ञानातून यंत्रमानव उभा राहतो. ज्ञान पुरलं तरी परत वर येतं, हे शास्त्रज्ञालाच सुचणार."

मला वाटतं, पुण्याला स्वतःचा गोजिरा का नाही याचं उत्तर मामाच्या या बोलण्यात आहे. १९६६ मध्ये मुंबईत 'गोगोला' नावाचा एक हिंदी राक्षसपट निघाला होता, आज त्याची प्रत सापडत नाही. पण तो उसना होता. गोजिरा ज्यांच्यावर बॉम्ब पडला त्यांच्या पोटातून आला. हे शहर खडकीच्या दारूगोळा कारखान्यापासून पाषाणच्या प्रयोगशाळांपर्यंत दीडशे वर्षं दुसऱ्या टोकाला उभं आहे. इथल्या माणसाला वरून पडणाऱ्या आगीचं स्वप्न पडत नाही. पडलंच तर त्याला आपण लिहिलेला कागद हरवल्याचं स्वप्न पडत असेल.

"म्हणून तुम्हाला पटवर्धनांचा माहितीपट बघायला हवा," मामा म्हणाला. आनंद पटवर्धनांचा 'जंग और अमन', २००२ चा. सेन्सॉरने कात्री मागितली होती, २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात तो जसाच्या तसा मोकळा झाला. मामाला त्यातले निष्कर्ष मुळीच मान्य नाहीत. "पण त्यात पोखरणजवळच्या गावातला माणूस आहे, हिरोशिमातली म्हातारी माणसं आहेत, आणि भाषण ठोकणारे पुढारी आपापल्या नावानिशी आहेत. मला न पटणारा, पण सही असलेला सिनेमा."

येत्या ६ ऑगस्टला मी वर्गात 'गोजिरा' दाखवणार आहे. मामाला यायचंय, पण त्याची अट आहे, आधी १९४५ चा 'मोमोतारो' दाखवायचा. शिंगं असलेले इंग्रज आणि भाजलेला राक्षस मुलांनी एकाच दिवशी पाहिले पाहिजेत. ही अट मी लगेच मान्य केली. 'जंग और अमन' मात्र त्या दिवशी नाही, त्याच्यासाठी वेगळा दिवस ठेवला आहे. चर्चेच्या वेळी बिकिनीचं गणित मामाने फळ्यावर सोडवून दाखवावं असं मी सुचवलं.

"पण मुलं तुला तुझ्या नोकरीबद्दल विचारतील," मी म्हटलं. "तू काय बनवायचास, ते कुणावर वापरलं."

"विचारू देत," मामा म्हणाला. "मी त्यासाठीच येतोय."